कोणता फोन घ्यावा? – आपल्या निवडीचा तीस वर्षांचा इतिहास

आरती आणि मंत्रपुष्पांजली आटोपली की प्रसादाच्या रांगेत गप्पा रंगतात. पूर्वी या गप्पांचे विषय ठरलेले असत : कोणाची बदली झाली, हावड्याहून पुण्या-मुंबईचे आरक्षण मिळाले का, आणि उकडीच्या मोदकांसाठी चांगली पिठी कुठे मिळते. गेली बरीच वर्षे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे : "नवा फोन घ्यायचाय, कोणता घेऊ?" आपली मंडळी विचारतात, आणि उत्सवाला आवर्जून येणारे बंगाली सहकारीही "दादा, कोन फोनटा नेबो?" म्हणून खिशातून दोन-तीन नावे लिहिलेला कागद काढतात. मग रॅम, मेगापिक्सेल, बॅटरीचे एमएएच असा आकड्यांचा पाऊस पडतो आणि मोदक गार होतो.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही. पण नोकरीनिमित्त कलकत्त्याला आलो तेव्हापासून, म्हणजे शहराचे अधिकृत नाव कोलकाता होण्याच्याही बरेच आधीपासून, सांगलीला घरी फोन करणे हा माझ्या आयुष्याचा नित्यक्रम आहे. त्यामुळे फोन कसे बदलले, आणि ते निवडताना आपण काय पाहिले नि काय पाहायचे राहून गेले, हे जवळून बघता आले. त्यातून माझा एक समज झाला आहे. प्रत्येक काळात बाजाराने आपल्याला एखादी गोष्ट मोजायला लावली आणि प्रत्यक्षात आपली अडचण झाली ती भलत्याच गोष्टीमुळे. हा समज कितपत खरा, ते वाचकांनीच ठरवावे.

निवड नव्हती तेव्हा

भारतातील पहिली टेलिफोन केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. कलकत्त्याचे केंद्र ७, कौन्सिल हाऊस स्ट्रीट येथील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते आणि त्याचे ग्राहक होते अवघे ९३. तिथून पुढची शंभर वर्षे 'कोणता फोन घ्यावा' हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण फोन घ्यायचा नसे, तो मिळायचा असे. अर्ज करावा, वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि नंबर लागला की सरकारी खाते देईल ते काळे, तबकडीचे यंत्र कपाळाला लावून घरात आणावे. १९४८ साली बंगळूरला स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची ती यंत्रे दणकट होती, पण त्यात आवडनिवड कसली?

आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना आधार होता तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा. रात्री उशिरा दर पाव होई, म्हणून जेवणे उरकून रांगेत उभे राहायचे. सांगलीला आमच्या घरी फोन नव्हता. चार घरे सोडून असलेल्या वाण्याचा नंबर 'पी.पी.' म्हणून सगळ्या आळीला दिलेला. तिकडे कोणी धावत जाऊन आईला बोलावून आणीपर्यंत बूथच्या मीटरवरचे लाल आकडे पळत असत. बोलणे दोनच वाक्यांचे : "बरा आहेस ना?" आणि "पैसे पोचले." त्या काळात फोन म्हणजे यंत्र नव्हते, पलीकडच्या बाजूला कोणीतरी बोलवायला धावणारे माणूस होते.

राइटर्स बिल्डिंगमधला कॉल

भ्रमणध्वनीचा भारतातील इतिहास आपल्याच शहरात सुरू झाला, ही गोष्ट येथील मराठी मुलांना ठाऊक असावी म्हणून मुद्दाम सांगतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या राइटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. देशातला तो पहिला मोबाईल कॉल. सेवा होती मोदी टेल्स्ट्रा या कंपनीची आणि हँडसेट नोकियाचा.

कॉल ऐतिहासिक होता, पण परवडणारा नव्हता. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे दर, आणि फोन आपण केला काय किंवा आपल्याला आला काय, पैसे आपलेच जात. हँडसेटची किंमत कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. आमच्या कचेरीत पहिला मोबाईल आला तो साहेबांचा. फोन वाजला की साहेब पडद्यावर नंबर पाहत, तो बंद करत आणि टेबलावरच्या साध्या फोनवरून उलट फोन लावत. 'मिस्ड कॉल' नावाची जी खास भारतीय भाषा पुढे तयार झाली, तिची बाराखडी अशी मी साहेबांच्या केबिनमध्ये पाहिली.

तेव्हा हँडसेट निवडणारे लोक काय बघत? आकार किती लहान, अँटेना आत की बाहेर, बॅटरी किती तास चालते. आणि अडचण कशाने होत होती? दराने! फोन उत्तम, पण तो उचलायची हिंमत नाही, अशी ती अवस्था होती.

इनकमिंग फुकट झाले

ही कोंडी फुटली ती चांगल्या हँडसेटमुळे नव्हे, धोरणामुळे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचे ठरावीक परवाना शुल्काचे ओझे काढले आणि त्याऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. कंपन्या तगल्या, स्पर्धा वाढली. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली. मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे ही पद्धत लागू झाली आणि येणारा कॉल फुकट झाला. त्या वर्षी रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांच्या हातात मोबाईल दिसू लागला.

याच काळात ग्राहकापुढे खरी पहिली निवड उभी राहिली : जीएसएम की सीडीएमए? जीएसएममध्ये सिमकार्ड वेगळे, म्हणजे कंपनी बदलली तरी हँडसेट आपलाच. सीडीएमएमध्ये त्या वेळी बहुतेक हँडसेट कंपनीलाच बांधलेले. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची 'मान्सून हंगामा' योजना काढली, तेव्हा तो फरक कोण बघत बसणार? स्वस्त होते, आवाज स्वच्छ होता, लाखो घरांत त्यामुळे पहिल्यांदा फोन आला, हे श्रेय द्यायलाच हवे. पण ज्यांच्या घरात सिग्नल येईना किंवा ज्यांना दुसऱ्या कंपनीचा दर खुणावू लागला, त्यांना कळले की फोन त्यांचा असला तरी तो दुसरीकडे चालणार नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळायला २० जानेवारी २०११ उजाडावे लागले. आणि पुढे सीडीएमए सेवाच देशातून बंद झाली तेव्हा ते हँडसेट नुसती खेळणी झाली.

मी स्वतः त्या सुमारास नोकिया ११०० घेतला. २००३ साली आलेल्या या फोनला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. होती ती धूळ सहज आत न जाणारी रबरी बटणे, दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी आणि टोकाला विजेरी. जगभरात हा फोन २५ कोटींहून अधिक विकला गेला. त्याच्या यशाचे कारण शोधायला लांब जायला नको. लोडशेडिंगच्या रात्री जिन्यात त्याची विजेरी लावून उतरलेला प्रत्येक जण ते सांगेल.

आणखी एका प्रकारच्या फोनांची आठवण इथे करायला हवी. खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटमध्ये आणि चांदनीच्या गल्ल्यांत बिलाशिवाय मिळणारे परदेशी फोन. दोन सिम, मोठा आवाज, टीव्हीसुद्धा! प्रत्येक हँडसेटला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी ओळखक्रमांक असावा लागतो, तो अशा अनेक फोनांना नसे. सुरक्षेच्या कारणास्तव सरकारने डिसेंबर २००९ पासून असे फोन जाळ्यातून बंद केले. एका रात्रीत कितीतरी फोन मुके झाले.

सत्तर अक्षरांचे मराठी

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. एसएमएस स्वस्त म्हणून आपण ते भरपूर पाठवले, पण मराठीत पाठवले का? बहुतेकांनी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले. याचे कारण आळस एवढेच नव्हते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसत. देवनागरीत फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजले जाई. 'गणपती बाप्पा मोरया' एवढे लिहिले तरी मोकळ्या जागांसह १८ चिन्हे होतात, म्हणजे पाव संदेश बाप्पाच्या नावातच संपला. शिवाय पलीकडचा फोन ती अक्षरे दाखवील याची खात्री नसे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मराठीला लागणारा ॲ मात्र त्यात २००८ साली आला. पण संकेत तयार असणे वेगळे आणि दुकानातल्या फोनमध्ये तो उतरणे वेगळे. हे मला फार महागात कळले.

आयफोन २००७ साली जगात आणि ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आला. ८ जीबीच्या फोनची इथली किंमत ३१,००० रुपये होती. पाठोपाठ २००९ साली अँड्रॉइडचे फोन आले आणि हळूहळू आवाक्यात उतरले. २०११ च्या दिवाळीत मीही चांदनीत चार दुकाने पालथी घालून एक स्मार्टफोन घेतला. दोन फोनांची तुलना केली, तक्ता केला आणि ज्याच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल जास्त तो निवडला. कचेरीत सर्वांना दाखवला. त्याला मराठी वाचता येते का, हे मात्र पाहिले नाही. पाहायचे असते हेच सुचले नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, पुतण्याचा संदेश आला. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन. एक, दोन, तीन ओळी चौकोन. त्या दिवसांत अशा चौकोनांचे संदेश येतच असत आणि ते बहुधा सुविचार किंवा शुभेच्छा असत. मी फोन खिशात टाकला. चार तासांनी दादाचा फोन आला : "अरे, तुला संदेश मिळाला नाही का? बाबांना दवाखान्यात ठेवलंय." पुतण्याने शुद्ध मराठीत, सगळे लिहून पाठवले होते. कोणत्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, काका लगेच निघा. त्याच्या फोनवर देवनागरी उमटत होती, माझ्या फोनवर नाही. चार तास आधी कळले असते तर त्याच रात्रीची गाडी गाठता आली असती. ती चुकली. बाबा त्या दुखण्यातून उठले, पण मी पोचलो तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले ते, "उशीर केलास रे." ते रागाने बोलले नव्हते. तरीही ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

त्या वेळच्या अँड्रॉइड फोनांत देवनागरीची सोय सरसकट नव्हती. काही कंपन्या ती स्वतःहून घालत, काही घालत नसत. चूक कोणा एकाची नव्हती. पण विकत घेणाऱ्याने विचारले नाही, म्हणून विकणाऱ्याने सांगितले नाही, हे खरे. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत फोनचा सगळा मेन्यूच मराठीत करण्याची सोय झाली. २०१६ च्या अखेरीस केंद्र सरकारने मोबाईलवर भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत अशी अधिसूचना काढली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकन करण्याची सोय दिली. ज्या भाषेला सत्तर चिन्हांत कोंबावे लागत होते, ती आता नुसती बोलली तरी उमटते. आपल्या दृष्टीने मोबाईलच्या इतिहासातली ही क्रांती कॅमेऱ्यापेक्षा मोठी आहे.

आकड्यांची शर्यत

२०१४ हे वर्ष बाजाराच्या दृष्टीने वळणाचे ठरले. फेब्रुवारीत मोटो जी आला, जुलैत शाओमीचा एमआय ३ इंटरनेटवरून १३,९९९ रुपयांना विकला जाऊ लागला. याच वर्षी नोकियाचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा प्रचंड कारखाना नोव्हेंबरात बंद पडला. दुकानात जाऊन फोन हातात घेण्याऐवजी घरी बसून तक्त्यांची तुलना करण्याची सवय लागली ती तेव्हापासून.

पण या शर्यतीतही धडा तोच. एप्रिल २०१२ मध्ये देशातली पहिली ४जी सेवा एअरटेलने सुरू केली तीही कोलकात्यातच. तेव्हा ती वापरता येईल असे फोन जवळजवळ नव्हतेच, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे नेमक्या गणेश चतुर्थीला, जिओची सेवा सुरू झाली. तिच्यात आवाजसुद्धा ४जीवरूनच जाणार होता. वर्षभरापूर्वी भरपूर रॅम पाहून घेतलेले पण ४जी नसलेले फोन त्या एका दिवसात जुने झाले, आणि साधे पण 'व्होल्ट' असलेले फोन कामाचे ठरले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, दुर्गापूजेच्या षष्ठीला, ५जीचे उद्घाटन झाले तेव्हा लोक निदान 'यात ५जी आहे ना?' एवढे विचारायला शिकले होते.

आजचा न दिसणारा आकडा वेगळा आहे : फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? २०१६ साली यूपीआय आल्यापासून फोन ही आपली पैशाची पिशवी झाली आहे. पिशवीला भोक पडले तर शिवून कोण देणार, हा तो प्रश्न. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षांचे अपडेट देण्याचे जाहीर केले. कमी किमतीच्या फोनांना सहसा याहून कमी वर्षे मिळतात. कागदावर सारखे दिसणारे दोन फोन या एका ओळीत वेगळे निघतात, आणि ही ओळ जाहिरातीत सहसा नसते.

तक्ता आणि तळहात

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो असताना आईसाठी फोन घ्यायचा ठरला. बाबा आता नाहीत. आईचे ऐंशी उलटले आहेत. पुतण्या आता कर्ता झाला आहे, त्याने दोन फोनांचा चौदा ओळींचा तक्ता करून ठेवला होता. नऊ ओळींत पहिला सरस, तीन ओळींत दुसरा, दोन बरोबरीत. हिशोबाने प्रश्न मिटला होता.

तरी आम्ही आईला घेऊन दुकानात गेलो. पहिला फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "अरे, हा केवढा जड! मनगट भरून येईल." दुसरा हलका होता. अक्षरे सर्वांत मोठी केली, तेव्हा पहिल्यात मराठी शब्द कडेला तुटू लागले, दुसऱ्यात नीट राहिले. मी माझी नेहमीची परीक्षा घेतली : 'दऱ्याखोऱ्या', 'वाऱ्यावर' आणि 'ॲ' टंकून पाहिले. दोन्ही फोन उत्तीर्ण झाले, तेव्हा खरे सांगतो, २०१२ आठवून बरे वाटले. बोटाचा ठसा मात्र दोन्ही फोनांनी घेतला नाही. आयुष्यभर भांडी घासून, दळणकांडण करून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. वहिनी म्हणाल्या, "चार आकडी पिन ठेवू या, लग्नाचं साल." त्याला मी लगेच हरकत घेतली, साल कोणालाही ओळखता येते. मग आईने स्वतःच एक आकडा ठरवला आणि तो आम्हाला अजून सांगितलेला नाही.

दुरुस्तीचे अधिकृत केंद्र दुसऱ्या फोनचे गावातच होते, पहिल्याचे कोल्हापूरला. अपडेट दुसऱ्याला चार वर्षे, पहिल्याला दोन. पेटीवरचा आयएमईआय आणि फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून दिसणारा आकडा जुळवून पाहिला. २०२३ साली सुरू झालेल्या सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो तपासून घेतला, पक्के बिल घेतले आणि दुसरा फोन घेऊन घरी आलो. पुतण्याने तक्त्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "काका, या सगळ्या ओळी मी घातल्याच नव्हत्या."

म्हणून रांगेत विचारणाऱ्या मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे की तक्ता जरूर करा, पण त्याआधी फोन कोणाच्या हातात जाणार ते ठरवा. त्या घरात कोणत्या कंपनीचा सिग्नल येतो ते शेजाऱ्याला विचारा. तुमच्या भाषेतले चार अवघड शब्द टंकून बघा. बिघडला तर कुठे न्यायचा आणि किती वर्षे अपडेट मिळतील, ही दोन उत्तरे लिहून घ्या. एवढे झाल्यावर मेगापिक्सेलवरून भांडायला हरकत नाही.

यंदा चतुर्थीच्या संध्याकाळी मंडपात माझा फोन वाजला. आईचा संदेश होता, तिने बोलून टंकलेला : "आरती झाली का रे? मोदक खाल्लेस का?" प्रत्येक काना-मात्रा जागेवर होती. मी लगेच उत्तर पाठवले.

गणपती बाप्पा मोरया!